बोटीला माणसं लागतात

टाकीत उतरण्यापूर्वी हवा तपासायची, हा पहिला नियम. बंद लोखंडी कप्प्यात पत्र्याला गंज चढतो तेव्हा तो हवेतला प्राणवायू संपवत जातो. वर्षानुवर्षं न उघडलेल्या टाकीचं झाकण काढून कोणी सरळ आत उतरला, तर काही श्वासांतच तो कोसळू शकतो. म्हणून आधी पंखा लावून हवा खेळती करायची, मीटरची नळी तळापर्यंत सोडायची, आकडा पटला तरच उतरायचं आणि झाकणाशी एक माणूस बसवायचाच. ‘टेक्सास’ या जुन्या युद्धनौकेच्या पोटात स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या मराठी तपासनिसाला हा नियम अमेरिकेत शिकावा लागला नाही. मुंबईच्या गोद्यांमध्ये त्याने उमेदवारी केली, तेव्हाच तो त्याच्या अंगवळणी पडला होता.

त्याचं काम पत्र्याची जाडी मोजण्याचं. गोदीतले लोक त्याला ‘गेजिंग’ म्हणतात. गंज घासून रुपयाएवढी जागा चकचकीत करायची, तिच्यावर जेलचा थेंब टाकायचा आणि यंत्राचा प्रोब दाबून धरायचा. ध्वनिलहर पत्र्याच्या पलीकडच्या बाजूवर आपटून परत येते. तिला लागलेल्या वेळावरून यंत्र जाडी सांगतं. आकडा मोठ्याने म्हणायचा, जोडीदाराने वहीत उतरवायचा, खडूने गोल करून पुढे सरकायचं. पण प्रोबच्या आधी त्याचा हात हातोडीकडे जातो. धड पत्रा हातोडीखाली खणखणतो. सडलेल्या पत्र्यातून भद्द आवाज येतो. पार गेलेल्या पत्र्यात तर हातोडीचं टोकच घुसतं. मुंबईत त्याला काम शिकवणारे जुने फिटर म्हणायचे, “आधी कान लाव, मग मशीन लाव.” उकाड्यात, डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात गुडघ्यांवर सरकताना तो अजूनही हाच क्रम पाळतो.

ज्या बोटीला तो कान लावतो तिची बांधणी एप्रिल १९११ मध्ये व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज इथे सुरू झाली. मे १९१२ मध्ये ती पाण्यात उतरली आणि १२ मार्च १९१४ रोजी अमेरिकी नौदलात दाखल झाली. लांबी ५७३ फूट. पाच बुरुजांमध्ये दोन-दोन अशा चौदा इंची दहा तोफा. जगातली आरमारं तोवर वाफेच्या टर्बाइनकडे वळत होती, पण कमी वेगाच्या लांब पल्ल्याला टर्बाइन फार इंधन खात असल्यामुळे ‘टेक्सास’ला जुन्या धाटणीची, वर-खाली हलणाऱ्या दट्ट्यांची दोन प्रचंड इंजिनं बसवण्यात आली. १९१८ मध्ये ती ब्रिटिश ग्रँड फ्लीटबरोबर उत्तर समुद्रात होती. दोन्ही महायुद्धांत लढलेली आणि आजही शिल्लक असलेली ड्रेडनॉट पिढीतली ही जगातली एकच युद्धनौका.

१९२५ साली तिच्या मोठ्या डागडुजीचं काम निघालं. कोळशाचे बॉयलर गेले, तेलाचे आले. पाणतीर जहाजाच्या मूळ शरीरापर्यंत पोचण्याआधीच फुटावा म्हणून दोन्ही बाजूंना पोकळ, फुगीर कप्पे जोडण्यात आले. गोदीत त्यांना ‘ब्लिस्टर’ म्हणतात. या तपासनिसाचा बराचसा वेळ याच कप्प्यांच्या नादात गेला आहे, आणि बोटीची बरीचशी कथाही तिथूनच सांगता येते.

६ जून १९४४ च्या पहाटे, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरण्यापूर्वी, ‘टेक्सास’ने पॉइंत द्यु हॉकच्या कड्यावर तोफा डागायला सुरुवात केली. चौतीस मिनिटांत चौदा इंची २५५ गोळे. एकेक गोळा अर्ध्या टनाहून जड. दारूच्या पिशव्या आणि गोळे खालच्या कोठारांतून वर चढवणाऱ्या पोरांना बाहेर काय चाललंय ते दिसत नव्हतं. त्यांना कळत होते ते फक्त हादरे. पुढच्या काही दिवसांत सैन्य आत सरकलं आणि लक्ष्यं तोफांच्या टप्प्याबाहेर जाऊ लागली. ‘टेक्सास’च्या तोफांची तोंडं पंधरा अंशांपेक्षा वर उचलता येत नसत. १५ जूनला अधिकाऱ्यांनी उजव्या बाजूच्या ब्लिस्टरमध्ये मुद्दाम पाणी भरायला लावलं. अख्खी बोट दोन अंशांनी कलली, तोफांचं तोंड तेवढंच वर झालं आणि गोळे हवे तिथे पोचले. बाजू वाचवायला जोडलेल्या कप्प्यांतून लढाईची सोय काढणाऱ्या त्या माणसांविषयी बोलताना तपासनिसाच्या आवाजात आजही आदर जाणवतो.

२५ जूनला शेरबूर बंदरासमोर जर्मन तोफखान्याशी तासन्‌तास चकमक झाली. एक गोळा नियंत्रण बुरुजावर आदळून सुकाणूच्या खोलीवर फुटला आणि सुकाणूवर असलेला क्रिस्टन क्रिस्टनसन हा नौसैनिक प्राणाला मुकला. इतक्या वर्षांच्या सेवेत शत्रूच्या माऱ्याने मेलेला या बोटीवरचा तो एकमेव माणूस. दुसरा एक गोळा बोटीत घुसला, पण फुटला नाही. तो निकामी करण्यात आला आणि पुढे बोटीवरच प्रदर्शनात ठेवला गेला. शाळेची मुलं येतात तेव्हा सर्वांत जास्त गर्दी त्याच्याभोवती होते. त्यानंतर बोट पॅसिफिकमध्ये गेली. १९४५ मध्ये इवो जिमा आणि ओकिनावापुढे तिच्या तोफा धडाडल्या.

युद्ध संपल्यावर अशा बोटींचं काय करायचं, हा प्रश्न बहुतेक देशांनी भट्टीपुढे नेऊन सोडवला. ब्रिटनने महायुद्धांतली एकही बॅटलशिप राखली नाही. शेवटची ‘व्हॅनगार्ड’ १९६० मध्ये भंगारात गेली. अमेरिकेतही ‘ओरेगन’ ही बॅटलशिप पोर्टलंडमध्ये संग्रहालय म्हणून उभी असताना दुसऱ्या महायुद्धात भंगारासाठी देऊन टाकण्यात आली. ‘एंटरप्राइझ’ ही सर्वाधिक सन्मान मिळवलेली विमानवाहू नौका निधी जमला नाही म्हणून तोडली गेली. ‘टेक्सास’चं नशीब वेगळं निघालं. राज्यातल्या लोकांनी तिला आणण्यासाठी पैसे उभे केले, आणि २१ एप्रिल १९४८ रोजी ह्यूस्टनजवळच्या सॅन हॅसिंटो इथे ती राज्याच्या हवाली झाली. कायमचं स्मारक-संग्रहालय झालेली ती अमेरिकेतली पहिली बॅटलशिप.

इथून पुढचा काळ तपासनिसाच्या दृष्टीने लढाईपेक्षा खडतर आहे. दुसऱ्या महायुद्धात या बोटीवर सुमारे अठराशे माणसं राहत. तोफा चालवण्याइतकाच त्यांचा दिवस जाई तो डेक धुण्यात, गंज खरवडण्यात, रंग देण्यात, झडपांना वंगण घालण्यात. बांधणारांनी गृहीतच धरलं होतं की प्रत्येक कोपऱ्यावर रोज कोणाचा तरी हात फिरेल, आणि ठरावीक काळाने बोट सुक्या गोदीत चढेल. संग्रहालय झाली त्या दिवशी अठराशे माणसं उतरून गेली. उरले ते मूठभर कर्मचारी, तिकीटखिडकी, ह्यूस्टनची दमट हवा आणि कालव्याचं मचूळ पाणी.

बोटीचा घात फक्त खालच्या पाण्याने होत नाही. वरून झिरपणारं पावसाचं पाणीही तेवढंच वाईट. ‘टेक्सास’चा लाकडी डेक कुजला आणि खालच्या खोल्यांत पाणी गळू लागलं, तेव्हा १९६८ मध्ये लाकूड काढून त्या जागी काँक्रीट ओतण्यात आलं. त्या वेळी तो स्वस्त आणि टिकाऊ उपाय वाटला असणार. पण बोट जिवंत असते. उन्हात तिचा पत्रा प्रसरण पावतो, रात्री आकसतो. काँक्रीटला तडे गेले, तड्यांतून पाणी आत शिरलं आणि पत्रा व काँक्रीट यांच्यामध्ये साचून राहिलं. वरून कोरडा दिसणारा डेक आतून सडत होता. १९८८ मध्ये बोट गॅल्व्हेस्टनच्या सुक्या गोदीत नेली गेली. काँक्रीट फोडून पुन्हा पाइनच्या फळ्या बसवल्या आणि १९९० मध्ये ती सॅन हॅसिंटोला परतली.

त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ तिने सुकी गोदी पाहिली नाही.

या काळात सर्वांत जास्त झिजले ते ब्लिस्टर. बाहेरून पाणी, आतून दमट हवा, आणि मधल्या अरुंद जागेत रंगाचा ब्रश घेऊन माणूस धड वळूही शकत नाही. पाण्याच्या रेषेलगतचा पट्टा तर कधी ओला कधी कोरडा. मीठ, पाणी आणि प्राणवायू तिन्ही एकत्र भेटण्याची ती जागा. २०१२ मध्ये मोठ्या गळत्या सुरू झाल्या. पाणबुडे खाली उतरून भोकांना खुंट्या आणि पट्ट्या लावत, आत पंप रात्रंदिवस चालत. एक भोक बुजवलं की शेजारचा पातळ पत्रा फुटे. तपासनिसाने पहिल्यांदा या कप्प्यांत प्रोब लावला, तेव्हा यंत्र काही ठिकाणी आकडाच देईना. यंत्र बिघडलेलं नव्हतं. लहर परतवायला तिथे पुरेसं पोलादच उरलं नव्हतं. जोडीदाराने विचारलं, “काय लिहू?” तो म्हणाला, “शून्य लिही आणि पुढे चल.”

२०१९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने दुरुस्तीसाठी साडेतीन कोटी डॉलर मंजूर केले. बोटीचा कारभार एका स्वतंत्र संस्थेकडे सोपवायचा आणि दुरुस्तीनंतर तिला जास्त लोक येतील अशा ठिकाणी न्यायचं, असंही ठरलं. तोवर ती ओढून न्यायचीच मोठी जोखीम झाली होती. वाटेत पाणी शिरू नये म्हणून बाजूच्या पोकळ जागांत फोम भरण्यात आला. ३१ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे टग बोटींनी तिला धक्क्यापासून सोडवलं आणि ह्यूस्टनच्या जलमार्गाने गॅल्व्हेस्टनकडे नेलं. किनाऱ्यावर लोक झेंडे घेऊन उभे होते. तरत्या गोदीत बोट शिरली, गोदीच्या टाक्यांतलं पाणी उपसलं गेलं आणि शंभरी पार केलेला तळ हळूहळू वर आला.

तळाखाली उभं राहिल्यावर तपासनिसाला आधी दिसले ते रिव्हेट. वेल्डिंग रुळण्याआधीची ही बोट; तिचे पत्रे तापवलेल्या रिव्हेटांनी, एकेक हाताने ठोकून जोडलेले. शिंपले आणि शेवाळ धुऊन काढल्यावर त्यांच्या रांगा स्वच्छ दिसू लागल्या. मूळ शरीराचा बराचसा पत्रा अपेक्षेपेक्षा चांगला निघाला. हातोडीखाली खणखणत होता. ब्लिस्टरचं उलट. त्यांचा मोठा भाग कापून काढावा लागला. ग्राइंडरच्या ठिणग्या, वेल्डरच्या बाजूला पाण्याची नळी घेऊन बसलेला आगीचा पहारेकरी, क्रेनला लटकणारे नवे पत्रे असं काम महिनोन्‌महिने चाललं. ठरावीक दिवशी लोकांना तळाखालून फिरायला सोडत. एका बाईंनी विचारलं, “एवढं कापून नवं लावलं, तर मग ही जुनी बोट राहिली का?”

या प्रश्नाचा त्याने बराच विचार केला आहे. त्याचं म्हणणं असं, की ब्लिस्टर हे मुळातच १९२५ नंतरची जोड. नौदलात असतानाही या बोटीचे पत्रे, बॉयलर, डोलकाठ्या, लहान तोफा सतत बदलत गेल्या. त्याला महत्त्वाचं वाटतं ते हे, की काय बदललं आणि का बदललं याची नोंद राहावी, आणि जे दुसरीकडे कुठेच उरलेलं नाही त्याला शक्यतो हात लागू नये. इंजिनखोलीतली ती दट्ट्यांची इंजिनं तशी आहेत. चौदा इंची तोफांचे बुरुज तसे आहेत. कापून काढलेल्या पत्र्याचे आकडेही त्याच्या वहीत आहेत.

५ मार्च २०२४ रोजी बोट तरत्या गोदीतून बाहेर आली. अंगावर १९४५ मधला गडद निळा रंग होता. त्याच महिन्यात तिकडे ‘न्यू जर्सी’ ही दुसरी बॅटलशिप कॅम्डनहून निघाली आणि डिसेंबर १९४२ मध्ये जिथून ती पाण्यात उतरली होती त्याच फिलाडेल्फियाच्या गोदीत दुरुस्तीसाठी चढली, जूनमध्ये परतली. नॉर्थ कॅरोलायनात वेगळा मार्ग निघाला. तिथल्या ‘नॉर्थ कॅरोलायना’ला हलवण्याऐवजी तिच्याभोवतीच बांध घालण्यात आला, म्हणजे आतलं पाणी उपसून जागेवरच तळ दुरुस्त करता यावा. जपानची ‘मिकासा’ योकोसुकात काँक्रीटमध्ये कायमची बसवलेली आहे. विशाखापट्टणमची ‘कुरसुरा’ पाणबुडी वाळूवर ओढून ठेवलेली आहे. पाण्यावर ठेवा, जमिनीत बसवा किंवा बांधात उभी करा. खर्चाचं रूप बदलतं, खर्च टळत नाही.

पैशाबरोबर माणसं लागतात. ‘नॉर्थ कॅरोलायना’, ‘अलाबामा’ आणि ‘मॅसॅच्युसेट्स’ या बोटी वाचल्या त्यात १९६० च्या दशकातल्या शाळकरी मुलांनी जमवलेल्या नाण्यांचा मोठा वाटा होता. आज त्यांतली कितीतरी मुलं आजी-आजोबा होऊन नातवंडांना डेकवर घेऊन येतात. ‘टेक्सास’वरही हात स्वयंसेवकांचेच जास्त. कोणी निवृत्त पाइपफिटर, कोणी शाळामास्तर, कोणी नौदलात काढलेली वर्षं विसरू न शकलेला. इंजिनाच्या दांड्यांना तेल लावणारा एक म्हातारा तपासनिसाला सांगत होता, की इथे आल्यापासून त्याच्या नातीला वाफेचं इंजिन कसं चालतं ते तोंडपाठ झालंय. पुस्तकातून तिला ते कधीच समजलं नव्हतं.

मुंबईला फोन लागला की काका पहिला प्रश्न विचारतात, “काय रे, तुझी म्हातारी कशी आहे?” काका डॉकयार्डातले वेल्डर, सारा जन्म युद्धनौकांच्या अंगाखांद्यावर गेलेला.

“बरी आहे काका. पोट कोरडं आहे तिचं आता.”

“नशीबवान आहे. आमच्या विक्रांतला कोणी एवढं केलं असतं तर?”

‘विक्रांत’चं नाव निघालं की दोघेही हळवे होतात. ४ मार्च १९६१ रोजी भारतीय नौदलात दाखल झालेली ही आपली पहिली विमानवाहू नौका. डिसेंबर १९७१ मध्ये तिच्यावरून उडालेल्या सी हॉक आणि आलिझे विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले आणि पूर्वेकडचा समुद्र पाकिस्तानला बंद झाला. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. २००१ पासून मुंबईत ती संग्रहालय म्हणून लोकांसाठी उघडी होती; हजारो मुंबईकर मुलांनी तिच्यावरच पहिल्यांदा लढाऊ विमान हाताने चाचपून पाहिलं. तिला कायमची जागा देण्याच्या, ऑयस्टर रॉकपाशी बसवण्याच्या कल्पना निघाल्या, गुंतवणूकदार शोधून झाले, पण काहीच उभं राहिलं नाही. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने संग्रहालय बंद झालं. वाचवण्यासाठी लोक न्यायालयात गेले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि सुमारे साठ कोटींना विकलेली ‘विक्रांत’ दारूखान्यात तोडायला घेण्यात आली. तिच्या पोलादाचा काही भाग बजाजच्या मोटारसायकलीत गेला, काही लायन गेटजवळच्या स्मारकात.

मुंबईतच बांधलेली एक युद्धनौका मात्र आजही पाण्यावर आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मलबारी सागवानात घडलेली ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट १८१७ मध्ये पाण्यात उतरली. नाव, मालक, कामं बदलत ती इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पोचली आणि तिथे वर्षानुवर्षं खपून कारागिरांनी तिला पुन्हा उभं केलं. तपासनिसाने तिच्या फळ्यांवर हात फिरवून पाहिला आहे. मुंबईतल्या सुतारांच्या रंध्याखालून गेलेलं लाकूड दोन शतकांनंतर इतकं घट्ट असू शकतं, हे त्याने काकांना फोनवर सांगितलं, तेव्हा काका बराच वेळ त्या जोडकामाचेच प्रश्न विचारत राहिले.

महाराष्ट्रात आता या विषयाला पुन्हा हात लागला आहे. निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभिंत करण्याची योजना राज्याने हाती घेतली. तपासनिसाला ती योग्य वाटते, कारण तिथे बोटीला तरंगत ठेवण्याचा भार नाही. पण पाण्यावर ठेवायची एखादी मोठी युद्धनौका पुढे निवृत्त होईल तेव्हाचा विचार त्याला आत्ताच व्हायला हवा आहे. तो काकांबरोबर एक टिपण तयार करतो आहे. दर दहा-पंधरा वर्षांनी ती कोणत्या सुक्या गोदीत चढणार, त्या गोदीचं दार तेवढं रुंद आहे का, धक्का कोणाच्या मालकीचा, पावसाळ्याच्या चार महिन्यांत डेक कोरडा कसा ठेवायचा, गंज रोखणारे जस्ताचे ठोकळे कधी बदलायचे, वर्षाच्या देखभालीचे पैसे कुठून येणार आणि कोकणातल्या आयटीआयच्या मुलांना गेजिंगची आणि गंज खरवडण्याची, म्हणजे चिपिंगची, उमेदवारी तिच्यावर करता येईल का. शेवटचा मुद्दा काकांचा आहे. तो सर्वांत वर घ्यायचा, असा त्यांचा हट्ट आहे, आणि पुतण्याने तो मान्य केला आहे.